प्रति: डीएनएचा आकार अंदाजानंच ठरवला

वर म्हटलंय की १९५३ साली डीएनए कुणी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता, म्हणजे तो दुहेरी गोफ निव्वळ अंदाजच. पाहिला नव्हता हे खरंय, पण अंदाज नव्हे ओ. मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिनच्या हाताखाली तिथल्या विद्यार्थी गॉसलिंगनं डीएनएवर एक्स-रे मारून घेतलेला फोटो ५१ होता की, त्यातली ठिपक्यांची फुली हीच मळसूत्राची, म्हणजे स्प्रिंगसारख्या गोफाची खूण.

घरी करून बघा, मी भाचीला लाईट गेल्यावर दाखवलं होतं. बॉलपेनातली स्प्रिंग काढून चिमट्यात उभी धरायची, त्यावर लाल लेझर पॉइंटर मारायचा अन् चार-पाच मीटरवरच्या भिंतीवर बघायचं (डोळ्यात नको, पोरांना आधी दम द्या). ठिपक्याठिपक्यांची झक्कास फुली दिसते, कारण पुढच्या अन् मागच्या तारा उलटसुलट तिरक्या असतात, प्रत्येकीमुळं उजेडाचा पट्टा तिला काटकोनात पडतो. स्प्रिंग जरा ताणली की फुलीचं तोंड उघडतं. मग पातळ ओढणी धरली तर अधिकचं चिन्ह, ताणा-बाणा सरळ ना! सोलापुरी चादरीवर आधी ट्राय केलेलं, पार हसं झालं, जाड असल्यानं उजेडच पलीकडं जाईना.

डीएनएत एक वेढा ३४ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), म्हणून लेझरऐवजी १.५४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे एक्स-रे लागले, आणि फुलीतली, मधल्यापासून मोजलेली, ठिपक्यांची चौथी ओळ गायब होती, जी एकट्या स्प्रिंगमध्ये अशी गायब होत नाही. दोन साखळ्या एकमेकींपासून ३/८ वेढा सरकलेल्या असल्या की ती ओळ पुसली जाते.