ट्रेनिंगच्या कमिटीत कामगार कुठंय?

कामगारांच्या ट्रेनिंगबद्दल म्हणतात की सरकार आणि कंपन्या एकत्र आल्या की प्रश्न सुटला, पण ते अर्धंच खरं वाटतं मला, कामगाराला विचारतंय कोण? २००७ पासून १३९६ सरकारी आयटीआय पीपीपीत, म्हणजे सरकार आणि उद्योगाच्या भागीदारीत, घ्यायची योजना आली, प्रत्येकीला अडीच कोटी बिनव्याजी कर्ज, आयटीआय चालवणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष उद्योगातला, पण कामगार संघटनेसाठी त्या कमिटीत जागाच ठेवली नाही. जर्मनीत बीआयबीबी म्हणून व्यवसाय प्रशिक्षणाची सरकारी संस्था आहे, तिच्या मुख्य समितीत मालक, युनियन, राज्यं आणि केंद्र चौघांना सारखी मतं, आणि कुठल्या ट्रेडला काय शिकवायचं हे ठरतं तेव्हा युनियनवाले समोर असतात.

आपल्याकडे अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हात. टर्नरचं, म्हणजे लेथ मशीनचं काम शिकायला आलेला पोरगा वर्षभर कानस घेऊन लोखंडाच्या कडेची बर (धारदार कंगोरे) काढत बसतो, लेथला हात लावू देत नाहीत, आणि शेवटी काय शिकला त्याच्या नोंदीच्या डायरीत सगळ्या ऑपरेशनपुढे सह्या झालेल्या असतात, हे शॉपवर डोळ्यांनी बघितलंय, फार वाईट वाटतं. एनएपीएस या अप्रेंटिसच्या केंद्रीय योजनेतून सरकार स्टायपेंडचा २५ टक्के वाटा देतं, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, मग पोरगं खरंच काय शिकलं हे बघायला त्याच शॉपवरचा जुना कामगार का नको? डायरीवर त्याचीही सही घ्या ना.