हॉवर्ड इराकमुळे हरले?

'इराकमध्ये सैन्य पाठवलं म्हणून २००७ साली ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी पंतप्रधान जॉन हॉवर्डना घरी बसवलं' हे मत मला अर्धंच पटतं. इराक २००३चा, त्यानंतर २००४ची निवडणूक तेच जिंकले की! खरं नडलं ते वर्कचॉइसेस, म्हणजे त्यांचा नवा कामगार कायदा. २००४च्या विजयानंतर सिनेटही (संसदेचं वरचं सभागृह) हातात आली आणि साहेबांनी कामगार कायदाच बदलून टाकला. १००पर्यंत कामगार असलेल्या मालकांना अन्याय्य बडतर्फीच्या दाव्यांतून मोकळीक. अकरा वर्षं त्यांच्यामागे उभा असलेला कष्टकरी वर्ग इथेच बिथरला.

त्यात व्याजदर. २००४चा प्रचार 'दर आमच्याच हाती सुरक्षित' यावर, आणि २००७च्या ऐन प्रचारात रिझर्व्ह बँकेने दर वाढवला! वर 'निवडून द्या, मुदतीच्या मध्येच अर्थमंत्री पीटर कॉस्टेलोंकडे सूत्रं देतो' ही घोषणा. मग मतदाराने मत द्यायचं तरी कुणाला?

बेनेलाँगचा, म्हणजे हॉवर्ड यांच्या स्वतःच्या मतदारसंघाचा निकाल तर बघण्यासारखा. १९७४पासूनची हक्काची जागा. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीत हॉवर्ड किंचित पुढे होते, पण ग्रीन्स पक्षाची बहुतेक दुसऱ्या पसंतीची मतं विरोधी लेबर पक्षाच्या मॅक्सीन मॅक्यू यांच्याकडे वळली आणि खेळ खल्लास. आपल्यासारखी 'ज्याला जास्त मतं तो विजयी' पद्धत असती तर जागा कदाचित वाचलीही असती. सत्ता मात्र गेलीच असती.

पदावर असताना स्वतःची जागा गमावलेले त्याआधीचे एकमेव पंतप्रधान म्हणजे १९२९चे स्टॅनली ब्रूस. तेही कामगार लवादाच्या कायद्याला हात घालायला गेले होते.