थंड तळ्यासाठी ऑक्टोपस पुरेल की दुसरा फर्स्ट स्टेज घ्यावा?

निळाई:
नमस्कार. माझे स्कूबाचे दोन्ही कोर्स अंदमानात, हॅवलॉकला झाले. 40 डाइव्ह झाल्या, सगळ्या कोमट पाण्यात. आता नोकरीसाठी म्युनिकला आले आहे. इथला क्लब वाल्खेनझे तळ्यात उतरतो, पण दोन तोंडांच्या टाकीवर दोन वेगळे फर्स्ट स्टेज (टाकीच्या तोंडावर बसून हवेचा दाब उतरवणारा भाग) असल्याशिवाय नेणार नाही म्हणतात. माझ्याकडे एकच आहे, त्यावर मुख्य रेग्युलेटर आणि पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर. पोनी बाटली, म्हणजे वेगळी छोटी टाकी, सोबत घेतली तर चालणार नाही का?

तळ्याकाठचा:
निळाई, क्लबचं ऐका. ऑक्टोपस बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला द्यायला असतो. तो तुमच्याच फर्स्ट स्टेजला जोडलेला, त्यामुळे फर्स्ट स्टेज गेला की दोन्ही गेले.

आणि गार पाण्यात दगा तिथेच होतो. टाकीतली 200 बारची हवा तिथे 10 बारच्या आसपास उतरते आणि प्रसरण पावताना गारठते. भोवतालचं पाणी 5-6 अंशांचं, त्यात ऊब कुठली! आत बर्फ धरला की झडप मिटत नाही, नळीतला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेज, म्हणजे तोंडातला भाग, धो धो वाहायला लागतो.

मीही आधी ऑक्टोपसवरच होतो. क्लबच्या आग्रहाखातर दुसरा फर्स्ट स्टेज घेतला आणि तिसऱ्याच महिन्यात, 24 मीटरवर, ती वेळ आली. उतरता उतरता श्वास घेत होतो आणि त्याच दमात बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा भरत होतो, दोन्ही एकाच फर्स्ट स्टेजवरून. तोंडातला रेग्युलेटर एकदम खवळला. डोळ्यांसमोर नुसते बुडबुडे. बॅकअप, म्हणजे दुसऱ्या फर्स्ट स्टेजवरचा रेग्युलेटर, तोंडात घेतला, उजव्या खांद्यामागे हात घालून व्हॉल्व्ह पिळत राहिलो. जाड हातमोज्यात किती फिरला तेही कळत नव्हतं. शेवटी आवाज थांबला. मग गेज पाहिलं तर शून्य! छातीत धस्स झालं. गेज बंद केलेल्या बाजूचं होतं, म्हणून शून्य. वर येऊन ते दुसऱ्या तोंडाला लावलं तेव्हा टाकीत 90 बार निघाले.

तेव्हापासून उजवीकडे तोंडातला रेग्युलेटर आणि गेज, डावीकडे इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरायची नळी) आणि बॅकअप. बॅकअप रबरी दोरीने गळ्यात, हनुवटीखालीच. घेताना शिक्का बघा: ईएन 250 (रेग्युलेटरचं युरोपी मानक) च्या पुढे '>10 अंश' असेल तर तो रेग्युलेटर या तळ्यासाठी नाही.

खारे_पाणी:
पोनी वाईट नाही, पण हिशेब करा. 3 लिटरची बाटली 200 बारला म्हणजे 600 लिटर हवा. 30 मीटरवर दाब 4 बार. घाबरलेला माणूस वर मिनिटाला 30 लिटर ओढत असेल तर तिथे 120 ओढणार. एक मिनिट सावरण्यात जातं, मग मिनिटाला 9 मीटरने वर यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं: 500 लिटर सहज उडाले. भागतं, पण जेमतेम. शिवाय मुख्य टाकी वाहून जाते ती जातेच. दोन व्हॉल्व्ह असले की तीच हवा वाचते.

दुसरा फर्स्ट स्टेज डिनचाच (टाकीत आट्यांनी बसणारा) घ्या आणि योक (वरून शिकंजासारखा आवळायचा प्रकार) अडॅप्टर जवळ ठेवा. सुट्टीत तारकर्लीला किंवा हॅवलॉकला गेलात तर बहुतेक एका तोंडाची, योकची टाकी मिळेल.

निळाई:
दोघांचे मनापासून आभार. पोनीचा विचार सोडला. क्लबची टाकी घरी आणून पाठीला बांधली, हातमोजे घालून पाहिलं. उजवा व्हॉल्व्ह हाताला लागतो, डाव्याला बोटांची टोकंच पोचतात.

तळ्याकाठचा:
टाकी पट्ट्यात चार बोटं वर घ्या, मग लागेल. डोकं मागे नेताना फर्स्ट स्टेजवर आपटत नाही ना, तेवढं पाहा. नंतर बडीला समोर ठेवून 5 मीटरवर दोन्ही व्हॉल्व्ह बंद-चालू करा, एका वेळी एकच. ते जमेपर्यंत थर्मोक्लाइनच्या, म्हणजे जिथून पाणी एकदम गार होतं त्या थराच्या खाली जाऊ नका.