द्वारका आणि दिब्रुगड: घड्याळ एक, उजेड वेगळा

गलबत
डिसेंबरच्या शेवटी आधी द्वारका, मग दिब्रुगड असा बेत आखायचा आहे. प्रमाणवेळ दोन्हीकडे एकच, तरी उजेडात नेमका किती फरक धरायचा? आणि 'बागान टाइम' हा काय प्रकार आहे? दोन्ही गावांचा दिवस कसा चालतो तेही सांगा.

लंबक
आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि एका अंशाला ४ मिनिटं. द्वारका ६९ अंशांच्या आसपास, म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या ५४ मिनिटं मागे. दिब्रुगड ९४.९ वर, तिथे तो जवळजवळ ५० मिनिटं पुढे. एकूण १ तास ४४ मिनिटं.

हाच आकडा लोक सूर्योदयालाही लावतात आणि फसतात. तो फरक मध्यान्हाचा. दिब्रुगड ५ अंश जास्त उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात तिथला दिवस आणखी आखूड. २१ डिसेंबरच्या सुमारास द्वारकेत सूर्योदय साधारण ७:२९ला, सूर्यास्त ६:१५ला. दिब्रुगडला ५:५६ आणि ४:२०. सकाळी फरक दीड तासाचा, संध्याकाळी मात्र दोन तासांना पाचच मिनिटं कमी. जूनमध्ये हेच उलटं होतं.

कोरा_चहा
बागान टाइम म्हणजे आसामच्या चहाबागांमधली चालीरीतीची वेळ, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. उजेड वाया जाऊ नये म्हणून. बागेतल्या माणसाने "आठला या" म्हटलं तर "बागानचे आठ की घड्याळाचे?" हे विचारायलाच हवं, कारण बागानचे आठ म्हणजे आपले सात. विमान, रेल्वे, बँक सगळं प्रमाणवेळेवरच.

शून्य_प्रहर
फोनवर ढाक्याचं घड्याळ लावा, तेच बागान टाइम.

लंबक
नाही, ढाका आपल्यापेक्षा अर्धाच तास पुढे. यांगून लावा, ते बरोबर एक तास पुढे आहे. तेही फक्त जागतिक घड्याळात. फोनची मूळ वेळ बदललीत तर कॅलेंडरमधल्या नोंदी तासभर सरकलेल्या दिसतील.

कोरा_चहा
स्वभावाचं म्हणाल तर द्वारकेचा दिवस देवळाच्या दारावर चालतो. जगत मंदिर दुपारी बंद असतं, पाचच्या सुमारास उघडतं. त्या वेळात बेट द्वारका उरकून घ्या; २०२४ मध्ये सुदर्शन सेतू सुरू झाल्यापासून होडीची वाट बघावी लागत नाही. संध्याकाळ ऐसपैस मिळते, गोमती घाटावर रेंगाळायला हरकत नाही.

दिब्रुगड बांधाआड वसलेलं गाव आहे. १९५०च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने वर आलं आणि शहराचा मोठा भाग नदीने कापून नेला, त्यामुळे नदी बघायची तर बांधावर चढायचं. बोगीबील पूल ४.९४ किलोमीटर लांब, आणि फोटो हवे असतील तर साडेतीनच्या आत तिथे पोचा. पावणेपाचला अंधार.

गलबत
म्हणजे दिब्रुगडला दुपारी तीनला उतरणारं विमान घेतलं तर पहिला दिवस गेलाच?

लंबक
गेलाच. सामान हातात येईपर्यंत तासाभराचा उजेड उरेल. सकाळचं घ्या, नाहीतर तो दिवस प्रवासाचाच धरा आणि दुसऱ्या दिवशी सहाला बाहेर पडा. तेव्हा द्वारकेत अजून मिट्ट काळोख असतो.