मदत हवी आहे: स्नोबोर्ड चालवता येतो, पण शिकवता येत नाही!

नमस्कार मंडळी,

६ हिवाळे स्नोबोर्डिंग करतेय, अवघड उतारही निभावते. पुढच्या महिन्यात नवशिक्यांना शिकवण्याच्या लेव्हल १ कोर्सला नाव घातलंय. ऐट होती, ती रविवारी भाच्याने उतरवली.

त्याला अगदी सौम्य उतारावर नेलं. टाचेच्या कडेवर (बोर्डाची टाचांखालची लांब धार) उभं राहून बोर्ड आडवा धरत हळूहळू खाली घसरणं त्याला पटकन जमलं. मग म्हटलं, आता पंजाच्या कडेवर, म्हणजे बोटांखालच्या धारेवर वळ. तिथे गाडं अडलं. मी खालून ओरडतेय, "गुडघे वाकव, पुढे बघ, खांदे वळव, मागे रेलू नकोस!" आणि तो कमरेत वाकून स्वतःच्या बुटांकडे बघत दर वेळी धपकन बसतोय. चौथ्यांदा बसल्यावर म्हणाला, "मावशी, वळताना तू नक्की काय करतेस ते सांग ना." मला सांगता येईना. खरंच ठाऊक नाही हो, वळायचं म्हटलं की वळते!

तर जाणकारांनो, स्वतःला चालवता येण्यापलीकडे नव्या शिक्षकाला काय यायला लागतं? चूक मला दिसते, पण ती कशामुळे होतेय हे कसं ओळखायचं? "व्हिडिओ बघा" सोडून काहीही सांगा.

प्रतिसाद १

भाच्याने कोर्सच्या आधीच विचारलं हे बरं झालं.

पहिलं म्हणजे, पंजाच्या कडेवर आडवं घसरणं तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. ज्या कडेवर पोरगा कधी उभाच राहिला नाही, तिच्यावर त्याने वळून जायचं? दोन्ही कडांवर आधी आडवं घसरणं, मग झाडाचं पान डुलत खाली येतं तसं डावीकडे-उजवीकडे सरकत उतरणं, आणि वळण त्यानंतर. कॅनडाच्या सीएएसआय या शिक्षक संघटनेची 'क्विक राइड' पद्धत ५ टप्प्यांची आहे: ओळख, घसरणं, नियंत्रण, वळण, वळणं जोडणं. तुम्ही तिसरा टप्पा अर्ध्यात सोडून चौथ्यावर उडी मारलीत.

दुसरं, त्याच्या बुटांत बघितलंत का? कमरेत वाकणं हे नुसतं लक्षण. बूट सैल असला की टाच आत वर उचलली जाते, पायाचा जोर कडेपर्यंत पोचत नाही आणि माणूस कंबर वाकवून तोल शोधतो. बूट ठीक असतील तर मग भीती. उतार जास्त वाटला की शरीर आपोआप डोंगराकडे रेलतं, वजन मागच्या पायावर जातं आणि बोर्डाचं नाक (पुढचं टोक) खाली वळतच नाही. त्याला "रेलू नकोस" सांगून काही होत नाही. जिथे बोर्ड पुढे सपाटीवर आपोआप थांबेल अशा जागी न्या, रेलणं निम्मं तिथेच जातं. माझ्या मते नव्या शिक्षकाचं निम्मं काम जागा निवडण्यात आहे.

आता "काय करतेस" याचं उत्तर. बोर्ड पिळला जातो. टाचेच्या कडेवर असताना पुढच्या पायाची बोटं हळूच खाली दाबा. पुढच्या टाचेखालची कड सुटते, मागच्या टाचेखालची अजून धरून असते, म्हणून नाक उताराकडे वळतं. ते खाली रोखलं की मागचा पायही बोटांवर आणायचा. अमेरिकेच्या एएएसआय या शिक्षक संघटनेच्या भाषेत बोर्डाच्या ४ हालचाली आहेत: कलणं, पिळणं, फिरणं आणि दाब. सोप्या उतारावर एकटीने जा, वळण होईल तितकं संथ घ्या आणि कुठला पाय कधी दाबताय ते मोठ्याने बोलत राहा. लोक बघतील, बघू देत.

आणि एका वेळी एकच सूचना. पडायच्या बेतातल्या माणसाला चार गोष्टी ऐकू जात नाहीत.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. पण पडायला शिकवणं राहिलं. नवशिके हात टेकून पडतात आणि मनगट मोडून घेतात. पुढे पडलात तर मुठी मिटून गुडघे आणि कोपरापासूनच्या हातांवर, मागे पडलात तर हनुवटी छातीला लावून बुडावर. हेल्मेट, मनगटाचे गार्ड हवेतच.

पहिल्या वळणांना हात द्यायचा तर तुम्ही उताराच्या खालच्या बाजूला, तळवे वर करून. पकड त्याने धरायची, तुम्ही नाही. नाहीतर पडताना दोघेही जाल. (अनुभवाचे बोल.)

गट थांबवायचा तो उताराच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा ठिकाणी. एफआयएस या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या १० नियमांत हे आहे. मागून येणाऱ्याने पुढच्याला जपायचं, हेही आहे. लिफ्टला मागचा पाय मोकळा लागतो, म्हणून एका पायावर सरकण्याचा सराव आधी सपाटीवर.

धागाकर्ती

बूट बघितले. टाच चांगली दोन बोटं वर येत होती! तुमच्या पायाशी लोटांगण.

घट्ट बांधून काल पुन्हा गेलो, आणखी सपाट जागी. पंजाच्या कडेवर दोनदा गुडघ्यांवर आला, तिसऱ्यांदा टिकला. वळणाला फक्त "बोटं दाब" एवढंच म्हटलं आणि गप्प बसले. (गप्प बसणं हेच सगळ्यात कठीण गेलं.) वळला!

पण पंजावरून परत टाचेवर येताना दोनदा पाठीवर जोरात आपटला. ते का?

प्रतिसाद १

बोर्ड अजून आडवा असतानाच टाच दाबतोय. त्यामुळे खालच्या बाजूची कड बर्फात रुतते. नाक खाली रोखेपर्यंत थांबायला सांगा, कड बदलायची ती त्यानंतर. तोवर वळणं एकेकटीच घेऊ देत, जोडायची घाई नको.