शेल स्क्रिप्टमधल्या चुका एडिटरमध्येच दिसाव्यात, काय टाकू?

कळवेकर:
महापे एमआयडीसीत एका ऑफिसचे सर्व्हर सांभाळतो. शाखांच्या नावाने फोल्डर आहेत: ठाणे, मुंबई, नवी मुंबई. एकेका शाखेचा डेटा आर्काइव्हला गेला की स्क्रिप्ट तिचा फोल्डर पुसते. कॉपीच्या ओळीत व्हेरिएबलला कोट्स घातले होते, पुसायच्या ओळीत राहून गेले. ठाण्यासाठी महिनोन्‌महिने काही झालं नाही. गेल्या आठवड्यात 'नवी मुंबई'ची पाळी आली आणि आरएमने (पुसायच्या कमांडने) ते दोन वेगळे शब्द धरले. 'नवी' नावाचं काही नव्हतंच, 'मुंबई' मात्र होतं. अख्खा फोल्डर गेला. आरएमला एफ (तक्रार न करता पुसायचा पर्याय) लावलेला, म्हणून 'नवी सापडत नाही' एवढीही तक्रार स्क्रीनवर आली नाही. बॅकअपवरून सगळं परत आणलं, पण घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल चुकली. पुन्हा असं नको. विंडोजवर व्हीएस कोड हा एडिटर वापरतो, स्क्रिप्ट डब्ल्यूएसएलच्या (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू लिनक्समध्ये असतात.

पाचपाखाडी:
शेलचेक, शेल स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारं टूल. दुसरं काही शोधूच नका. तुमची चूक ते एससी२०८६ (प्रत्येक सूचनेला असा कोड असतो) म्हणून टाइप करतानाच अधोरेखित करतं. त्याच नावाचं एक्स्टेन्शन आहे, पण ते डब्ल्यूएसएलच्या बाजूला इन्स्टॉल करा, नाहीतर एक्स्टेन्शन दिसेल आणि सूचना एकही येणार नाही. मी यातच अर्धा दिवस घालवला होता. फाइल मोठी असून एडिटर अडखळत असेल तर सेटिंगमध्ये तपासणी सेव्ह केल्यावर ठेवा.

नौपाडा_टर्मिनल:
मी विम एडिटरमध्ये एएलई हे प्लगइन वापरतो, आतून शेलचेकच चालतं. कळवेकर, तुमच्या बाबतीत नुसत्या कोट्सवर थांबू नका. व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि पुढे स्लॅश नि तारा असेल, तर आरएम थेट रूटपासून, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळापासून, पुसत सुटतो. हे एससी२११५ सांगतं. महिरपी कंसात नाव, त्यापुढे कंसाच्या आतच कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहा. व्हेरिएबल रिकामं असलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबेल.

कळवेकर:
टाकलं, चालतंय. कोट्स सुटलेल्या आणखी दोन ओळी निघाल्या. एका जुन्या फाइलमध्ये मात्र प्रत्येक ओळीवर एससी१०१७ येतंय. सरळ बंद करू का?

पाचपाखाडी:
बंद करू नका. फाइल विंडोजमध्ये सेव्ह झालीय, ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न ही न दिसणारी जादा चिन्हं आहेत. अशी स्क्रिप्ट लिनक्सवर अडतेच. एडिटरच्या खालच्या पट्टीत सीआरएलएफ (ओळ संपवायची विंडोजची पद्धत) दिसेल, त्यावर क्लिक करून एलएफ (लिनक्सची) निवडा आणि सेव्ह करा. एखादी सूचना खरंच लागू नसेल तर त्या ओळीच्या वर शेलचेक डिसेबलची कॉमेंट द्या, शेजारी कारण लिहा. सेटिंगमधून कोड बंद केला की तो सगळ्याच फाइलींसाठी गप्प होतो, आणि पुढची 'नवी मुंबई' तिथूनच निसटेल.

कळवेकर:
एलएफ केलं, सगळ्या गेल्या. आता कंसातलं प्रश्नचिन्ह घालतो आणि आधी रिकाम्या फोल्डरवर चालवून बघतो.