मुका मार आणि ताप

प्रश्न असा आहे की जखम कुठेच उघडी नाही, नुसता मुका मार, तरी चिनी वैद्य तापाचा संबंध त्याच्याशी कसा लावतात. त्यांच्या मते बाहेरून काही आत शिरायलाच हवं असं नाही. माराने रक्त शिरांबाहेर सांडतं, साकळतं, आणि ते अडकलेलं रक्तच उष्णता निर्माण करतं. असा ताप बहुधा दुपारनंतर किंवा रात्री चढतो. तोंडाला कोरड, पण पाणी गिळावंसं वाटत नाही; दुखणं एकाच जागी; जिभेवर जांभळे ठिपके.

वांग छिंगरेन (१७६८-१८३१) या वैद्याने अंग बाहेरून गार आणि आत आग या अवस्थेला कंदिलाचा रोग म्हटलं आणि खापर साकळलेल्या रक्तावर फोडलं. त्याच्या काढ्यात पीचच्या बियांचा गर आणि करडईच्या पाकळ्या असतात (हो, आपलीच करडई). बरगड्यांवरच्या माराला एक जुना काढा आहे, त्यात रेवंदचिनी, म्हणजे पोटही साफ!

उघडी जखम ठणकून पू धरला, तर निदान वेगळं. खूप रक्त गेल्यावरचा ताप तिसराच. तिथे आधी रक्त भरून काढायचं.

मोठी रक्ताची गाठ जिरताना अंग थोडं तापतं हे डॉक्टरही मानतात, त्यामुळे निरीक्षण पोकळ नाही. कारणमीमांसा मला पटत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर या काढ्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि पोटाला मार लागून ताप आला असेल, तर जीभ नंतर बघा, आधी सोनोग्राफी करा.